वीस इंचांची नळी

मी, जेराल्ड आंतोन तुस्कानो, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, मूळ गाव भुईगाव, तालुका वसई, हल्ली मुक्काम रेजिना, सस्कॅचेवान, निवृत्त टर्नर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या भाषेत लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. वाचायला चष्मा लागतो, डावं मनगट थंडीत धरतं, साखर गोळीने आटोक्यात आहे. याखेरीज प्रकृतीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख योग्य कलमात येईल.

माझी पत्नी कॉन्स्टन्स आणि मी, आम्ही दोघांनी एकाच दिवशी वकिलाकडे बसून इंग्रजीत मृत्युपत्रं केली होती. कॉन्स्टन्स मार्च २०१९ मध्ये देवाघरी गेली. माझं ते इंग्रजी मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं. वकिलांना मी विचारून घेतलं आहे. आपल्या प्रांतात संपूर्ण स्वहस्ताक्षरात लिहून सही केलेला कागद चालतो आणि भाषेची अट नाही, असं ते म्हणाले. साक्षीदार घ्यायची गरज नव्हती. तरी घेतले आहेत, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये.

कलम १. अंमलबजावणी.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम मी माझी सून ॲमंडा हिच्याकडे सोपवतो. मुलगा वॉरेन असताना सुनेचं नाव का, असं विचारलं जाईल. वॉरेन मनाने चांगला आहे, पण निर्णय घ्यायचा म्हटला की तो आधी आठ जणांना फोन करतो. ॲमंडा यादी करते आणि यादी संपवते. कॉन्स्टन्स गेली त्या आठवड्यात रिचमंड हिलहून विमानाने येऊन तिने आमच्या फ्रीझरमधल्या मांसाच्या पाकिटांवरसुद्धा तारखा घातल्या होत्या.

ॲमंडा मंगळुरी आहे, तिला मराठी वाचता येत नाही. तिने अधिकृत भाषांतर करून घ्यावं आणि त्याचा खर्च माझ्या शिलकीतून करावा. मात्र त्याआधी तिने आणि वॉरेनने हा कागद एखाद्या मराठी माणसाच्या घरी बसून, चहा घेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा. इंग्रजीत लिहिलं असतं तर वॉरेनने फोनवर अंगठा फिरवत फक्त स्वतःचं नाव शोधलं असतं.

कलम २. घर.

राहतं घर वॉरेनला. माझ्यामागे विकायचं तर विकावं, ठेवायचं तर ठेवावं. मी हयात असेपर्यंत विषय काढू नये. रिचमंड हिलमधल्या त्यांच्या कॉन्डोतली रिकामी खोली मला देऊ केल्याबद्दल मी दोघांचा आभारी आहे. त्या खोलीच्या खिडकीतून दुसरा कॉन्डो दिसतो. मी इथेच राहणार, ड्राइव्हवेवरचा बर्फ स्वतः शोव्हल करणार, आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी कोणालातरी सांगेन.

कलम ३. बँक आणि वाडी.

बँकेतली शिल्लक वॉरेन आणि ॲमंडा यांना निम्मी निम्मी, दोघांच्या स्वतंत्र नावाने. भुईगावच्या वाडीतला माझा हिस्सा बहीण जॉर्जिना हिला. चुलत भावाने बांध दोन हात सरकवला तेव्हा मी इथून सभ्य पत्रं लिहीत बसलो होतो आणि ती कोयता घेऊन बांधावर उभी राहिली होती. तिकडचे कागद वेगळे करून तिच्याकडे पाठवले आहेत.

कलम ४. लेथ मशीन आणि हत्यारं.

बेसमेंटमधलं लेथ मशीन भंगारात किलोवर देऊ नये. ज्याला चालवता येतं अशा माणसाला ते फुकट द्यावं. माणूस कसा ओळखायचा ते सांगतो. त्याला हातभर लोखंडी सळई द्यावी आणि तिचं टोक काटकोनात करून मागावं. झालं का म्हणून विचारल्यावर जो लगेच ‘झालं’ म्हणेल त्याला चहा पाजून पाठवावं. जो उत्तर देण्याआधी गुण्या लावून उजेडासमोर धरेल, त्याला मशीन द्यावं. कानशी, व्हर्नियर आणि टूलचा डबा त्याच माणसाला.

कलम ५. कॉन्स्टन्सची रायफल.

हे कलम नसतं तर जुनं मृत्युपत्र पुरलं असतं.

वस्तूचं वर्णन: एक लिव्हर-ॲक्शन रायफल, तीस-तीस नावाच्या मापाच्या गोळीची. दस्त्याखालचा लिव्हर पुढे ढकलून मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत बसतं. नळी अष्टकोनी. नळीची आजची लांबी वीस इंच. कारखान्यातून निघाली तेव्हा सव्वीस होती. टोकाचे सहा इंच मी कापले, १६ एप्रिल २००५ रोजी, याच घराच्या बेसमेंटमध्ये, पूर्ण शुद्धीवर असताना.

ही रायफल मी ऊर्मी रामटेके हिला देतो. ऊर्मी मूळची नागपूरची, इथे प्रांत सरकारच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तिच्याकडे बंदुकीचा परवाना आहे. उंची पाच फूट, कॉन्स्टन्सपेक्षा एक इंच जास्त.

वॉरेनलाही ती रायफल हवी आहे. हे मला यंदा थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर कळलं. त्याचं म्हणणं असं होतं:

“डॅड, मी एका रिस्टोररशी बोललोय. त्याच्याकडे त्याच काळातली ओरिजिनल नळी आहे, सव्वीस इंच. तो बसवून देईल. मग डीॲक्टिव्हेट करून आपण ती लिव्हिंग रूममध्ये लावू. खाली मॉमचा फोटो. विथ अ लाइट.”

“तिची नळी वीस इंचांची आहे.”

“आय नो. पण तुम्ही ऑक्शनला घेतली तेव्हा होती ना, तशी.”

“घेतली तेव्हा ती माझी चूक होती.”

“डॅड, इट्स टु ऑनर मॉम.”

ॲमंडा म्हणाली, “वॉरेन, टर्की थंड होतेय.”

मुलाचा हेतू वाईट नाही हे मला कळतं. पण तो जे भिंतीवर टांगायला निघाला आहे ती माझी चूक आहे, आणि ती तो आईच्या नावाने टांगणार आहे. म्हणून ती चूक कोणती, हे इथे नोंदवून ठेवणं भाग आहे.

१९९२ साली शहराबाहेरच्या एका शेतावर लिलाव होता. दोन लिव्हर-ॲक्शन होत्या, एक वीस इंचांच्या नळीची, एक सव्वीसची. बोली दोन्हींची एकाच आकड्यावर थांबली. मी ठाण्याच्या कारखान्यात बारा वर्षं लोखंड कातलेलं आणि इथे पाइप मिलमध्ये तेच करत होतो. त्यात आमच्या घरची रीत अशी की मुलाला सदरा शिवायचा तो दोन मापं मोठा. एकाच भावात जास्त पोलाद मिळत असताना कमी घेणं माझ्या हातून होण्यासारखं नव्हतं. मी लांब उचलली.

ट्रकमध्ये कॉन्स्टन्स म्हणाली, “अहो, तुम्ही दुधी घेताय का, लांब बघून?”

“लांब नळीत गोळीला वेग जास्त मिळतो.”

“आणि धरणार कोण? गोळी?”

ती रायफल तिच्यासाठी होती हे सांगायचं राहिलं. माझी स्वतःची वेगळी होती. मिलमधल्या सोबत्याने आदल्या वर्षी हरणाचं मांस दिलं होतं, कॉन्स्टन्सने ते घरच्या मसाल्यात केलं, सगळ्यांनी वाहवा केली आणि तिने जाहीर केलं की पुढच्या वर्षी आपलं आपण आणायचं. हॉस्पिटलच्या किचनमध्ये आठ तास उभं राहून आल्यावर ती परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची. माझ्याआधी पास झाली.

शिकारीचं नारिंगी जाकीट तिला मोठं झालं, तर पहिल्याच आठवड्यात मी बाह्या कापून शिवणयंत्रावर शिवून दिल्या. नळीच्या बाबतीत मला बारा वर्षं लागली. 

तिने मला पहिल्याच महिन्यात दाखवून दिलं होतं. बेसमेंटमध्ये कपडे वाळत घालायच्या तारेला तिने सुतळी बांधली, सुतळीच्या फासात रिकामी रायफल अडकवली, आणि रायफल आडवी ठरेपर्यंत फास सरकवत नेला. तिचे वडील वाडीतून केळी कावडीने बाजारात न्यायचे आणि लहानपणी कावडीचा तोल बघायचं काम तिच्याकडे असे. लिव्हर ज्या लोखंडी पेटीत बसतो त्या पेटीच्या पुढे सहा बोटांवर फास थांबला.

“हा इथे तोल आहे,” ती म्हणाली. “माझा डावा हात बघा कुठे पोचतो.”

पेटीच्या तोंडाशी. जेमतेम.

“म्हणजे सगळं वजन माझ्या हाताच्या पलीकडे. मी बंदूक धरतच नाही, तिचं शेपूट धरते.”

“सवय होईल,” मी म्हणालो.

सगळा प्रश्न एवढाच आहे, आणि जे लोक तीस वर्षं बंदुकांबद्दल बोलतात त्यांनाही तो सांगावा लागतो. रायफल किती किलोची आहे यावर ती हातात जड लागेल की हलकी हे ठरत नाही. तोलाची जागा दोन हातांच्या मध्ये आली तर ती हलकी लागते. पुढच्या हाताच्या पलीकडे गेली तर तीच रायफल जड. नळीच्या टोकाचे सहा इंच आणि त्यांच्याखालच्या गोळ्यांच्या नळकांड्याचा तेवढाच तुकडा, मिळून वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. खिशात ठेवलं तर कळणार नाही. हातभर अंतरावर धरून उभं राहिलं की कळतं. त्यात नळकांडं भरलेलं असलं की तोंड आणखी खाली जातं.

१९९४ साली मी उपाय केला. दस्त्यामागची पट्टी काढून आत भोक पाडलं आणि शिसं भरलं. तोल बरोबर पेटीपाशी आला. मी खुशीत रायफल तिच्या हातात दिली.

तिने ती उचलली, खाली ठेवली. “कावडीचं दुसरं टोक भरलंत. आता दोन्हीकडे वजन.”

शिसं काढलं. पुन्हा ‘सवय होईल’ म्हणालो.

१९९७ साली क्वापेलच्या खोऱ्यात, पॉप्लरच्या दाट झाडीत, तिच्या समोर हरीण आलं. तिने वळायला रायफल फिरवली, नळीचं तोंड खोडावर आपटलं, टक असा आवाज झाला, हरीण गेलं. २००१ साली पुन्हा तेच. दोन्ही वेळा मी तिला सांगितलं, सराव कमी पडतो. हे वाक्य मी उच्चारलं होतं आणि ते इथे माझ्या सहीनिशी नोंदवतो. २००३ पासून ती रानात यायची थांबली. ट्रकमध्ये थर्मास घेऊन बसायची आणि मी परत येईपर्यंत शब्दकोडं सोडवायची.

२००४ च्या फेब्रुवारीत शोव्हल करताना मी बर्फावर पडलो आणि डावं मनगट मोडलं. दोन स्क्रू घातले. त्या नोव्हेंबरात माझ्या रायफलची दुर्बीण सैल झाली होती म्हणून मी तिची घेऊन गेलो. साठ पावलांवर चांगलं हरीण उभं होतं. मी नेम धरला. तीन सेकंद ठीक गेले. मग मनगट थरथरायला लागलं, नळीचं तोंड आपोआप खाली जाऊ लागलं, मी वर ओढलं, ते पुन्हा खाली गेलं. मी रायफल उतरवली. हरीण आरामात चालत गेलं.

ट्रकपाशी आलो. कॉन्स्टन्सने काच खाली केली.

“काय झालं?”

“पुढे जड आहे.”

तिने चहा ओतून दिला. घरी पोचेपर्यंत, पाऊण तास, ती शब्दकोडं सोडवत बसली. गॅरेजमध्ये गाडी बंद केल्यावर म्हणाली, “मनगट मोडलं हे वाईट झालं, पण उपयोगाचं झालं.”

किती कापायचं यावर हिवाळाभर वाद झाला. मी बावीस म्हणत होतो, ती अठरा. अठरा इंच म्हणजे चारशे सत्तावन्न मिलिमीटर आणि वर केसभर, आणि कापलेल्या नळीसाठी कायद्याची खालची मर्यादा नेमकी तीच. कानशीचा एक हात जास्त पडला असता तर बेकायदा वस्तू घरात. मी नाही म्हणालो. तिने पुन्हा तारेला सुतळी बांधली, आम्ही वजनं लावून हिशोब केला आणि विसावर दोघं थांबलो.

नळी कापणं सोपं आहे. अवघड असतं ते नवं तोंड. गोळी नळीतून बाहेर पडते त्या क्षणी तोंडाची कड जराही तिरकी असली तर मागची हवा एका बाजूने आधी सुटते आणि गोळी भरकटते. मी ते तोंड लेथवर तीनदा कातलं. नेमाच्या पुढच्या काट्यासाठी नवी खाच कानशीने पाडली, त्याला दोन संध्याकाळी गेल्या. मी आयुष्यात हजारो तुकडे कातले असतील. ते तोंड माझं सर्वांत चांगलं काम आहे आणि ते काढून दुसरी नळी बसवायला मी परवानगी देत नाही.

काय गमावलं तेही लिहितो, कारण मी वकिली करत नाही. गोळीचा वेग सेकंदाला शंभरेक फुटांनी उतरला. आवाज वाढला. धक्का थोडा वाढला. नऊऐवजी सहा गोळ्या बसू लागल्या. नेमाचे दोन काटे जवळ आले, त्यामुळे लांबच्या नेमात चूक पटकन शिरते. लांब नळी एकदा स्थिर झाली की स्थिर राहते, आखूड नळी वाऱ्यात डुलते. उघड्या शेतात, दीडशे मीटरवर, उंच माणसाने सव्वीस इंचच घ्यावी. आमची झाडी दाट होती, अंतर साठ पावलांचं होतं आणि माझी बायको चार फूट अकरा इंच होती.

२००५ च्या नोव्हेंबरात ती ट्रकमधून उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पॉप्लरच्या त्याच झाडीत एक हरीण तिच्या डावीकडून निघालं. ती वळली आणि रायफल तिच्या खांद्याला होती. मधे काही घडलेलं मला दिसलंच नाही. एक गोळी. मग ती लिव्हर ओढून तशीच उभी राहिली, आणि मी जवळ गेल्यावर म्हणाली, “आता ही माझ्याबरोबर वळते.”

त्यानंतर ती तेरा सीझन शिकारीला गेली. शेवटच्या तीन सीझनला तिच्या उजव्या हाताला, वीस पावलांवर, ऊर्मी होती. ऊर्मी पहिल्यांदा घरी जेवायला आली तेव्हा कॉन्स्टन्सने लिव्हर उघडा ठेवून रिकामी रायफल तिच्या हातात दिली होती. ऊर्मी म्हणाली, “आंटी, हे तर मला बरोबर बसतंय जी.” कॉन्स्टन्स माझ्याकडे बघून म्हणाली, “कळलं? तिला बारा सेकंद लागले.”

रायफल ऊर्मीला देणार हे कळल्यावर आमच्या पॅरिशच्या पॉटलकमध्ये, म्हणजे ज्याने त्याने पदार्थ आणायच्या जेवणात, एक बाई मला म्हणाल्या, “अंकल, द्यायचीच तर आपल्यातलं कोणी मिळालं नाही का?” मी त्यांना विचारलं, आपल्यातलं म्हणजे कोण? त्या म्हणाल्या, तुम्हाला माहितेय मी काय म्हणते ते. मला माहीत होतं. ऊर्मी बौद्ध आहे, आम्ही ख्रिस्ती, आणि बाईंच्या मते बंदूक ख्रिस्ती राहायला हवी होती. त्यांना मी पानातला तुकडा संपवून उत्तर दिलं: कॉन्स्टन्सच्या आजारपणात आठवड्यातून तीनदा सूप घेऊन जी यायची ती आपल्यातली. बाईंचं नाव लिहीत नाही. त्यांना कळेल.

अटी: ही नळी बदलू नये. रायफल निकामी करू नये. भिंतीवर टांगू नये. ऊर्मीला पेलेनाशी होईल तेव्हा तिने सुतळीने तोल बघून ज्याच्या हाताला बसेल अशा परवानाधारकाला द्यावी. तो माणूस कोणत्या धर्माचा, गावचा, रक्ताचा, याची चौकशी करू नये.

कलम ६. कापलेला तुकडा.

कापलेले सहा इंच माझ्या टूलच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवले आहेत. आठही कडा शाबूत आहेत, गंज नाही. तो तुकडा मी वॉरेनला देतो. त्याला परवाना लागत नाही. कारखान्यातून निघाला तसा तो अगदी ओरिजिनल आहे. वॉरेन, भिंतीवर काही लावायचंच असेल तर हा लाव. लाइटही लाव. फक्त खाली फोटो माझा लाव, तुझ्या आईचा नको.

कलम ७. क्लबातले मतभेद.

रिचर्ड कोवालचुक, आमच्या नेमबाजी क्लबाचे माजी सेक्रेटरी, उंची सहा फूट दोन, यांनी मे २००५ मध्ये सर्वांसमोर मी एका चांगल्या रायफलचा खून केला असं म्हटलं. वीस वर्षांत त्यांनी ते मागे घेतलेलं नाही आणि मीही काही मागे घेतलेलं नाही. त्यांच्या उंचीला त्यांचं मत बरोबर आहे. दर डिसेंबरात आम्ही एकमेकांना मांस देतो. ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून त्यांच्या नावे काही नाही. एरवीही ठेवलं नसतं.

बंदुकीच्या दुकानातल्या ज्या विक्रेत्याने कॉन्स्टन्सला ‘लेडीज गन’ दाखवू का असं विचारलं होतं, त्याचा हिशोब तिने जागेवरच चुकता केला. इथे लिहिण्यासारखं बाकी नाही.

कलम ८. अंत्यविधी.

मला कॉन्स्टन्सशेजारी पुरावं. पेटी साधी असावी. फादरांना मराठी येत नाही, तरी एक प्रार्थना मराठीत व्हावी. माझे मित्र आणि या कागदाचे एक साक्षीदार ज्ञानदेव मेश्राम ती वाचतील. ते प्रार्थना मानत नाहीत, पण त्यांचा आवाज चांगला आहे आणि त्यांनी कबूल केलं आहे. जमीन गोठलेली असली तर वसंतापर्यंत थांबावं, घाई नाही.

कलम ९. शनिवारी जोडलेलं.

वरचं सगळं मी सोमवार ते गुरुवार लिहिलं. शुक्रवारी संध्याकाळी वॉरेनचा फोन आला. काय लिहिलं आहे ते मी त्याला स्वतः सांगितलं. मेल्यावर फोडायला गुपितं ठेवणं मला आवडत नाही.

तो मग म्हणाला, “डॅड, आय विल कॉन्टेस्ट इट. मी लॉयरशी बोलेन. इट्स अ फॅमिली हेअरलूम, तुम्ही असं बाहेर देऊ शकत नाही.”

“बोल.”

“तुम्ही चिडला नाहीत?”

“नाही. तुझ्या आईचा हट्ट उतरलाय तुझ्यात. बरं वाटलं.”

“देन व्हाय कान्ट आय हॅव इट?”

“तू ती उचलणार आहेस का?”

“नो. यू नो आय डोन्ट हंट.”

“ती उचलायची वस्तू आहे, वॉरेन. तुझ्या आईने ती एकदाही टांगली नाही, तोल बघायला सोडून.”

त्याने फोन ठेवला. ॲमंडाने अर्ध्या तासाने मेसेज केला की तो बाल्कनीत बसला आहे आणि तिने त्याला जाकीट नेऊन दिलं आहे.

आज शनिवारी सकाळी मी ऊर्मीला बोलावलं. ती म्हणाली, “काका, वॉरेनदादाला राग येईल. मृत्युपत्रात आहे ना, राहू द्या तसंच.” मी म्हणालो, मृत्युपत्रावर लढता येतं, आणि तेव्हा माझी बाजू मांडायला मी नसेन. आम्ही टेबलाशी बसून तिच्या परवान्याची सरकारी तपासणी करून घेतली. संदर्भ क्रमांक आला, तो तिने लिहून घेतला आणि मीही लिहून घेतला. रायफलला कुलूप लावलं, पेटीत ठेवली, पेटीलाही कुलूप लावलं. पावणेबारा वाजता ती घेऊन गेली. सीझन सुरू आहे.

तेव्हा कलम ५ मधली रायफल आता माझ्या मालमत्तेत नाही आणि त्या कलमाला कायद्याच्या दृष्टीने काही अर्थ उरलेला नाही. तरी ते मी खोडत नाही. त्यातली चूक माझी आहे, ती दुरुस्त केल्याची नोंदही माझी आहे, आणि दोन्ही माझ्या हस्ताक्षरात राहावीत.

वॉरेन, कोर्टात जाण्यासारखं आता काही उरलं नाही. भांडायचं असेल तर मी मरायची वाट बघू नकोस. तिकीट काढ आणि ये. मी घरीच आहे, ऊर्मीही गावातच आहे. ती रायफल तुझ्या हातात देईल, रिकामी, लिव्हर उघडा ठेवून. आईच्या हाताची जागा कुठे होती ते मी दाखवतो. तुझा हात तिथे ठेवून बघ, आणि मग जे म्हणायचं ते मला तोंडावर म्हण.

हे मी वाचलं, मला मान्य आहे, आणि दोन साक्षीदारांसमोर, त्यांच्या डोळ्यांदेखत, सही करत आहे.

(सही) जेराल्ड आंतोन तुस्कानो

साक्षीदार १: (सही) ज्ञानदेव मेश्राम, निवृत्त ग्रंथपाल, रेजिना. मजकूर मी स्वतः वाचला आणि दुसऱ्या साक्षीदारांना इंग्रजीत सांगितला. लाभार्थी ऊर्मी रामटेके सहीच्या वेळी घरात नव्हती.

साक्षीदार २: (सही) रिचर्ड कोवालचुक, रेजिना. यांच्या सांगण्यावरून ज्ञानदेव मेश्राम यांनी लिहिलं: “सही करणारा माणूस पूर्ण शुद्धीवर आहे. सहीच्या आधी वीस मिनिटं तो माझ्याशी नळीवरून भांडला आणि एकाही आकड्यात चुकला नाही. मला पटलेलं नाही.”

ठिकाण: रेजिना, सस्कॅचेवान
दिनांक: रविवार, ९ नोव्हेंबर २०२५